मी बनवलेला आठवडा

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एक आठवडा बनवला. सोमवार ते रविवार, एकशे अडुसष्ट तास. बनवायला चार मिनिटं लागली आणि तेवढ्यात माझं सँडविचही खाऊन झालं.

यात जगावेगळं काही नाही. आमच्या धंद्यात हे रोज चालतं. मी अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत आहे. नदीकाठची काचेची इमारत, बाविसावा मजला, तेरा माणसं. युरोपातले देश आम्हाला विचारतात की आमचं अमुक कोळशाचं वीज केंद्र कधी बंद करता येईल. सगळ्यांनी कुठलं ना कुठलं साल जाहीर करून ठेवलंय, आणि आता ते साल जवळ आल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलंय. आम्ही त्या गावाची तासातासाची आकडेवारी मागवतो, मॉडेलमध्ये घालतो आणि तारीख सांगतो. ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही तिथली भट्टी कधी विझवायची, हे सांगायचा मला पगार मिळतो.

मला कोळशाचं प्रेम नाही, हे आधीच सांगते. माझं बालपण नागपूरजवळच्या एका औष्णिक केंद्राच्या कॉलनीत गेलं. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय आम्ही कधी घडी घातली नाही. आईचा दमा त्या हवेनेच वाढला, असं मी अजून मानते. बाबा त्याच केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं होते, त्यामुळे घरात हा विषय काढायची सोय नव्हती. मी या कामात आले ती रागाने आले. कुठलीही चिमणी बंद झाल्याची बातमी आली की त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी असायचे.

ड्रोविना हे पूर्व युरोपातलं असंच एक गाव. तिथलं जुनं केंद्र वीज बनवतं आणि उरलेल्या उष्णतेवर तापवलेलं पाणी जाड पाइपांतून नऊ हजार घरांत पाठवतं. हिवाळ्यात घरात तेवढीच ऊब. केंद्र बंद करायचं, तर ते पाणी विजेवर तापवायला हवं. त्यासाठी गावाने मोठे विजेचे बॉयलर बसवले होते, सगळे मिळून सत्तर मेगावॉटचे. प्रश्न एवढाच होता, की कडाक्याच्या थंडीत सत्तर पुरतील का?

त्यांच्या फाइलमध्ये आदल्या वर्षीच्या जानेवारीतला एक आठवडा कोरा होता. असं होतं. मीटर बिघडतो, लाइन तुटते. मग आम्ही त्याच्याही आदल्या वर्षीचा तोच आठवडा उचलून तिथे चिकटवतो, म्हणजे मॉडेल अडत नाही. मी चिकटवला. सगळ्यात जास्त मागणी निघाली एकसष्ट. सत्तर पुरले, वर नऊ उरले. एक ऑक्टोबरला केंद्र बंद करा, असं आम्ही लिहिलं. तिथल्या मंत्रालयाने मान्य केलं, आणि नीनाने मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. नीना माझी बॉस. आईवडील ठाण्याचे, ती जन्मली आणि वाढली इथे.

जूनमध्ये नीनाला एका सादरीकरणासाठी ड्रोविनाचा आलेख हवा होता. सकाळी अकराची वेळ होती. मी फाइल उघडली, आणि माझा आठवडा उभा राहिला होता.

दुसरा शब्द मला सुचत नाही. जिथे साठच्या आसपास रेंगाळणारी रेघ होती तिथे ती सरळ वर चढली होती. गुरुवारी सकाळी सहा वाजता सत्याण्णव. मी चुकीची फाइल उघडली असेन म्हणून बंद केली, पुन्हा उघडली. रेघ खाली, जशी मी ठेवली होती तशी. डोळ्यांवर ताण आला असेल म्हणून खाली जाऊन कॉफी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा वाजता, पुन्हा सत्याण्णव. मी तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, कारण तिसऱ्यांदा मला स्वतःवरच विश्वास बसला नसता.

मग थंडी सुरू झाली. बाहेर पस्तीस डिग्री, लोक चड्डी-बनियनवर नदीकाठी पळतायत, आणि माझी बोटं कीबोर्डवर वळत नव्हती. एसी बंद करून पाहिला. रक्त तपासून घेतलं, थायरॉइड वगैरे सगळं ठणठणीत. मी ट्रेनमध्ये जॅकेट घालून बसायला लागले. माझी रूममेट म्हणाली, "यार यामिनी, जुलैमध्ये शाल? लग्न-बिग्न ठरलंय का, आत्तापासून सासूबाईंची प्रॅक्टिस करतेयस?" मी हसले. तिच्यासमोर हसणं सोपं होतं.

पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते, कारण रेघ आता पुढे सरकत होती. आधी फक्त गुरुवारपर्यंत चढायची. मग एके दिवशी शुक्रवार दिसला आणि शुक्रवारी ती अचानक खाली पडली. एका तासात सत्याण्णववरून ऐंशीच्या खाली. थंडी कमी झाली की रेघ हळूहळू उतरते, शेकडो गावांच्या आलेखांत मी ते पाहिलंय. ही तशी उतरली नव्हती. कोणीतरी एकदम बंद केल्यासारखी पडली होती. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ गरम पाण्याखाली हात धरून उभी राहिले.

शेवटी मी जे मार्चमध्ये करायला हवं होतं ते जुलैअखेर केलं. ड्रोविनात घरोघर गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीला ईमेल लिहिला, की त्या आठवड्याचे आकडे का नाहीत? तिथल्या इरेना नावाच्या बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आकडे आहेत, त्यांनी लिहिलं होतं. बर्फाने मीटरची लाइन तुटली, म्हणून कामगारांनी सगळा आठवडा दर तासाला हाताने नोंद केली. कागद कपाटात आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये कागदाला जागा नव्हती आणि विचारलंही कोणी नाही. स्कॅन करून पाठवते.

सात पानं आली. निळ्या शाईतलं, थंडीत थरथरलेलं अक्षर. बाहेरचं तापमान उणे सत्तावीस. मी गुरुवारचं पान काढलं, सकाळी सहाच्या ओळीवर बोट ठेवलं. सत्याण्णव. वही समोर उघडी होती. तिच्या कोपऱ्यातही तेच.

शुक्रवारच्या पानावर लिहिलं होतं की उत्तरेकडच्या वस्तीचा मुख्य पाइप फुटला आणि सतराशे घरांचं गरम पाणी बंद करावं लागलं. एकतीस तास. त्या ओळींच्या बाजूला, समासात, कोणीतरी नंतर पेन्सिलने नावं लिहिली होती. एकाखाली एक, अकरा.

पाइप फुटला त्यात माझा दोष नव्हता, तेव्हा मी ड्रोविनाचं नावही ऐकलं नव्हतं. पण पुढचं गणित मला पाठ होतं. तशी थंडी पुन्हा पडली तर गावाला सत्याण्णव लागतील, माझ्या भरवशावर त्यांच्याकडे सत्तर असतील आणि केंद्र बंद असेल. मग सतराशे नाही, नऊ हजार घरं गारठतील. एक ऑक्टोबरला नऊ आठवडे उरले होते.

मी पानं घेऊन नीनाकडे गेले. ती वाईट बाई नाही. तिने प्रत्येक पान नीट पाहिलं, नावांपाशी थांबलीसुद्धा. मग म्हणाली की गाळलेली जागा भरणं ही मान्य पद्धत आहे, परिशिष्टात आपण तशी तळटीप दिली आहे, सगळेच असं करतात. मी म्हटलं, तळटीप कोणी पांघरून झोपत नाही. तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली.

"यामिनी, आय गेट इट. पण थिंक. हे बाहेर गेलं की कोल लॉबी पार्टी करेल. दे विल रन दॅट थिंग फॉर टेन मोअर इयर्स. आणि तिकडच्या सगळ्या क्लोजर्सवर क्वेश्चन मार्क. डू यू वॉन्ट दॅट?"

नको होतं. तेच तर दुखत होतं. तिने माझ्या व्हिसाचा विषयही काढला, धमकी म्हणून नाही, काळजीने. नूतनीकरण डिसेंबरमध्ये होतं. ती दोन आठवडे थांब म्हणाली, वकिलांशी बोलते म्हणाली. मी पानं उचलून जागेवर आले. त्या दिवशी आलेख मी उघडला नव्हता तरी तो स्क्रीनवर होता.

रविवारी सकाळी बाबांना फोन केला. नेहमीचं जेवणखाण झालं, गुडघा झाला. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्याकडे गेज अडकला आणि आकडा दिसला नाही तर वहीत काय लिहायचात? बाबांना कामाबद्दल कोणी काही विचारत नाही, त्यामुळे त्यांनी आधी खात्री करून घेतली की मला खरंच ऐकायचंय.

"काही लिहायचं नाही," ते म्हणाले. "रकाना रिकामा सोडायचा, लाल पेनने गोल करायचा, कारण लिहून सही करायची. रिकामा रकाना पुढच्या शिफ्टच्या माणसाला थांबवतो गं. भरलेला दिसला की तो पुढे निघून जातो." मग म्हणाले, "एकदा भरला होता मी, अंदाजाने. मग कधी नाही भरला."

काय झालं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईशी बोल म्हणाले. तिचा खोकला फोनवर ऐकू आला. या बाईच्या छातीत राख भरणाऱ्या कोळशासाठी मी आता मुदत मागणार होते, आणि मागायलाच हवी होती. मी रडले, थोडीशी, आईला कळणार नाही अशी.

सोमवारी सकाळी मी मंत्रालयाला पत्र पाठवलं, नीनाला प्रत ठेवून. त्या आठवड्याचे आकडे खरे नाहीत, ते मी भरले होते, खरे सोबत जोडले आहेत. आणखी तीस मेगावॉटचे बॉयलर बसेपर्यंत केंद्र पूर्ण बंद करू नका, हाताशी राहू द्या. खाली माझं नाव, यामिनी दिगंबर पाठराबे, पूर्ण.

नीना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्या कामावरून काढलं. पण तिसऱ्या दिवशी तिने तेच पत्र कंपनीच्या नावाने पुन्हा पाठवलं, हे मला नंतर कळलं. मंत्रालयाने केंद्र बंद करायची तारीख एप्रिलपर्यंत ढकलली, बॉयलर मागवले. आणि नीना म्हणाली होती तसंही झालं. तिथल्या वर्तमानपत्राने मोठ्या मथळ्यात लिहिलं, की अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी कोळशाला जीवदान दिलं. शेजारच्या दोन गावांनी आपापली तारीख लगेच पुढे नेली, गरज नसताना. त्याचं खापर माझ्यावर फुटलं आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं.

खरे आकडे घातल्यावर आलेख मात्र शांत झाला. कधीही उघडा, गुरुवारी सत्याण्णवच. माझी बोटं मोकळी झाली. मला वाटलं, सुटले.

सप्टेंबरमध्ये इरेनाने व्हिडिओवर भेटायची वेळ मागितली. पन्नाशीची बाई, मागे फायलींनी भरलेलं कपाट. ती मोजकं इंग्रजी बोलत होती, मीही सावकाश बोलत होते. तिने आभार मानले. काय बोलावं ते न कळून मी विचारलं, की समासातली ती नावं कोणी लिहिली?

मीच, ती म्हणाली. तिसरं नाव माझ्या वडिलांचं आहे.

ती शांतपणे सांगत राहिली. मेमध्ये तुमचा अहवाल आमच्या भाषेत आला. मी तो आठवडा शोधला. माझे वडील गेले त्या दिवशी, तुमच्या अहवालात, बाहेर उणे दोन होतं. सुखद हवा. ते वाचून मी एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं.

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत आम्हाला?" मी विचारलं.

"कोणाला?" ती म्हणाली. "तुमचं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं तिकडे मशीन असेल."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, हो किंवा नाही, ते मला कळलं नाही. मग तिची जेवायची वेळ झाली आणि स्क्रीन काळी झाली.

त्यानंतर मी चार वर्षांतल्या माझ्या सगळ्या फाइल्स काढल्या आणि मी चिकटवलेल्या जागा शोधायला घेतल्या. दोनशे चौदा निघाल्या, एकोणीस देशांतल्या. कुठे तीन दिवस, कुठे एक दुपार, कुठे अख्खा फेब्रुवारी. सगळ्या रेघा गुळगुळीत, एकही कुठे अडखळत नाही. यातल्या कुठल्या गावात एखादी इरेना आहे, हे मला त्यांच्याकडे बघून ओळखता येत नाही.