मंगळवारचे हुंकार

शेवटी लिफ्टवाला नर्सबाईंसमोर ढसाढसा रडला. बिस्किटांची बशी हातात धरून रडला. पण हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण तो स्वतः तसंच धरून चालतो.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि अर्ध्या मिनिटात कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. असा कान शहरात दुसरा नाही, असं लोकांचं मत होतं; लोकांना ते त्यानेच कळवलं होतं. म्हणून मुलगी झाल्यावर बायको येता-जाता रडायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय त्याला झोंबला.

“गोळ्यांची सध्या गरज नाही,” त्या म्हणाल्या. “सहा मंगळवार, चार ते पाच, नर्सबाई घरी येतील आणि ऐकतील.”

“काय ऐकतील?”

“ह्या बोलतील ते.”

“मग मी काय बहिरा आहे?”

बायको पंख्याकडे बघत राहिली.

तसा तो ऐकायचा, पण अर्धं मिनिट. ती म्हणाली, “सारखी धाकधूक होते रे,” तर हा म्हणाला, “फ्रिजच्या आवाजाने होत असेल,” आणि त्याने फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. ती म्हणाली, “मला काही सुचत नाही,” तर त्याने पाळण्याला तेल घातलं. महिन्याभरात घरातली एकही वस्तू कुरकुरत नव्हती. बायकोसुद्धा.

तिसऱ्या मंगळवारी तो मुद्दाम लवकर घरी आला. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून बायको हसली.

मुलगी झाल्यापासून सात आठवड्यांत त्याच्या वाट्याला न आलेलं हसू! तेही एका परक्या बाईला, जिला साधा फ्यूज बदलता येत नसणार. त्याने स्क्रूड्रायव्हर दाराला टेकवला, मूठ कानाला लावली. बायको भरभरून बोलत होती. आणि नर्सबाई? नर्सबाई नुसतं “हं” म्हणत होत्या. त्याने मोजले. अकरा.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात बसून त्याने “हं”चा सराव केला. वरून एका आजींनी विचारलं, “अडकलंय का हो कुणी?” संध्याकाळी प्रयोग बायकोवर झाला.

“हं,” तो म्हणाला.

“घसा बसलाय का तुझा?” तिने विचारलं. तोवर ती एक शब्दही बोललेली नव्हती.

नर्सबाई दर भेटीला एक कागद भरून घ्यायच्या. दहा प्रश्न, उत्तरापुढे खूण करायची. गुण जितके जास्त तितकी तब्येत वाईट. बायको सतरावरून नऊवर आली होती. चौथ्या मंगळवारी त्यांचा एक कोरा कागद टेबलावर राहिला. लिफ्टवाल्याने सहज वाचायला घेतला. पूर्वीसारखं हसू येतं का? विनाकारण घाबरायला होतं का? हे सगळं आपल्यालाच विचारलंय असं वाटून त्याने खुणा केल्या. बेरीज एकवीस. म्हणजे इथेही बायकोपेक्षा आपण पुढेच. समाधानाने त्याने कागद बिस्किटांच्या बशीखाली सारला आणि विसरला.

पाचव्या मंगळवारी नर्सबाईंनी बशी उचलली. कागद बघून त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे खरा कागद तुम्ही लपवून ठेवत होतात,” त्या बायकोला हळूच म्हणाल्या. “हरकत नाही. आता मी आठवड्यातून दोनदा येईन.”

दोनदा! स्क्रूड्रायव्हर हातात धरून लिफ्टवाला दारातच गार झाला.

पण बायको पांढरीफटक पडली होती. “मी नाही हो भरला हा. की भरला? मला आठवत कसं नाही? माझं डोकं खरंच फिरलंय का?” मुलीला तिने घट्ट धरलं, मग घाईघाईने पाळण्यात ठेवलं, जणू आपल्या हातांचाही आता भरवसा नाही.

“माझा आहे तो,” लिफ्टवाला म्हणाला आणि काहीतरी करायचं म्हणून त्याने नर्सबाईंच्या हातातली बशी घेतली. “एकवीस माझे आहेत.”

नर्सबाईंनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हं.”

पुढचं घडलंच नाही, हे वर सांगितलंच आहे.

न घडलेलं आटोपल्यावर बायको म्हणाली, “तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव आणि बस. ऐकायचंय ना? ऐक. ही रडते तेव्हा मला वाटतं, हिची खरी आई आत्ता येईल, मग मी आपल्या घरी जाईन.”

त्याच्या जिभेवर तीन उपाय आले, त्यातल्या एकाला तर अवजारही लागणार नव्हतं. तिन्ही त्याने गिळले.

“हं,” तो म्हणाला. जरा खरखरीतच निघालं. पण बायको पुढे बोलली, पाच वाजून गेले तरी बोलत राहिली.

आठवडाभर ती त्याच्याशी बोलली. हसली मात्र सहाव्या मंगळवारी, आत, नर्सबाईंपाशी. लिफ्टवाल्याने बाहेर बसून अर्ज लिहिला:

“माननीय आरोग्य अधिकारी यांस, सविनय अर्ज. विषय: बायकोच्या हसण्याचे फेरवाटप होणेबाबत. अर्जदार हा सदर बायकोच्या सेवेत नर्सबाईंच्या सहा वर्षे आधीपासून रुजू आहे. त्याचे ‘हं’ अद्याप शिकाऊ असले तरी प्रामाणिक आहे. करिता सेवाज्येष्ठतेचा विचार होऊन, यापुढील सर्व हसू अर्जदाराच्या समक्षच काढण्यात यावे, व आजवर नर्सबाईंकडे जमा झालेले हसू अर्जदारास परत मिळावे, ही नम्र विनंती.”