रविवारसकट उपास

राखेच्या बुधवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून मी कपाळावर राख घेऊन घरी आले, तेव्हा अक्काताई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. भिंतीला भिंत लागलेल्या आमच्या या लिंगायत शेजारीण. मालकांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान. त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे रोजचेच. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दिसण्यावर खूश झाल्या.

"आज बरी दिसतीस गं शिशिला. कसली राख म्हणायची ही?"

मी सांगितलं, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. आजपासून ईस्टरपर्यंत आमचा उपासाचा काळ. चाळीस दिवस.

"चाळीस? सलग?"

इथे खरं बोलायला हवं होतं. नियम सैल होऊन काही वर्षं झाली होती; कडक उपास काय तो त्या दिवशी आणि गुड फ्रायडेला, बाकी ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. माझी श्रद्धा म्हणजे दरवर्षी बुधवारी चहा सोडायचा आणि शुक्रवारी परत धरायचा. पण अक्काताई सोमवार धरायच्या, प्रदोष धरायच्या, श्रावण तर अख्खा. उपासाच्या बाबतीत मला त्यांच्यापुढे कधी डोकं वर काढता आलं नव्हतं.

"सलग," मी म्हणाले.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आतल्या खोलीत त्यांची सून श्यामला झोपलेली होती. तिची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. आता आठवा लागला होता आणि घरातली माणसं भांडंसुद्धा जपून ठेवत होती.

"मग ह्या वर्षीचा तुझा उपास आमच्या श्यामलाच्या नावानं धर," त्या हळूच म्हणाल्या. "माझा सोमवार एका दिवसाचा. तुझा सलग हाय."

आता कसं मागे फिरणार? मी मान हलवली. ती मान हलवताना माझ्या चेहऱ्यावर बहुतेक संतिणीचे भाव असावेत, कारण नवऱ्याने, इनासने, दारातूनच विचारलं, "पोटात दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काताई तपासणीला आल्या. माझ्या ताटात चपाती आणि वांग्याची भाजी.

"उपासाला चपाती?"

"आमच्यात मटण सोडतात, अक्काताई. आणि एकदाच पोटभर जेवायचं."

"मटण सोडलं की उपास?" त्या माझ्या शेजारी टेकल्या. "मग मी जन्मल्यापासनं उपाशीच हाय की गं."

त्या दिवसापासून उपास माझा आणि नियम त्यांचे असं ठरलं. शाबू, वरी, रताळी, दाणे, दूध. करायला मला जमणार नाही असं धरून त्या स्वतःच पाठवायला लागल्या. तूप सुटलेली खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू. मी इतकं चांगलं आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. दहा दिवसांत माझ्या पोलक्याच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या. प्रायश्चित्ताच्या काळात जाड झालेली आमच्या आजऱ्याकडची पहिली बाई मीच असेन.

तरी रविवारचं काही मी बोलले नव्हते. आमच्यात रविवार त्या चाळिसात धरत नाहीत. प्रभू रविवारी मरणातून उठला, म्हणून त्या दिवशी उपास नसतो. पहिला रविवार इनासला ताप होता म्हणून निभावला. दुसऱ्या रविवारी तो मटण घेऊन आला. मी दार लावून, खिडकी लावून, रश्शाला फोडणी दिली. आमचा रस्सा कुठे खिडकीला जुमानतो?

अक्काताई खिचडीचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"काय शिजतंय?"

"मटण."

मला वाटलं ओरडतील. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण त्यांनी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि विचारलं, "आणि माझी सून?"

मी रविवारचं सांगायला लागले. जितकं सांगितलं, तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

"हे बुधवारी का न्हाय सांगितलंस?"

कारण 'सलग' ऐकायला बरं वाटलं होतं. हे मी बोलले नाही. त्याऐवजी म्हणाले, "चला, फादरना विचारू."

आमचे फादर वसईकडचे, शांत माणूस. चर्चच्या व्हरांड्यात बसून त्यांनी अक्काताईंचं सगळं ऐकून घेतलं. मग माझीच बाजू घेतली. रविवारी बंधन नाही, शिशिलाबाईंनी पाप केलेलं नाही.

मी अक्काताईंकडे पाहिलं. जरा जास्तच पाहिलं.

"तुमचं बरोबर असंल, म्हाराज," अक्काताई म्हणाल्या. "पण आमच्या श्यामलाचं पोट रविवारी सुट्टी घेतंय का?"

फादर माझ्याकडे वळून म्हणाले, "नाही घेत. तुम्हीही घेऊ नका."

घरी येताच रस्सा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या तानाबाईकडे गेला. इनास म्हणाला, "सून त्यांची, उपास तुझा, आणि मटण गेलं माझं." पण ईस्टरपर्यंत त्यानेही आणलं नाही. रात्री भिंतीपलीकडे जरा कण्हल्यासारखं वाटलं की, आम्ही दोघं उठून बसायचो आणि एकमेकांकडे न बघता ऐकत राहायचो.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी पहाटे श्यामलाला दवाखान्यात नेलं. दुपारी अक्काताई जिलेबीचा पुडा घेऊन आल्या. मुलगी झाली होती. दोघी ठणठणीत.

"खा," त्या पुडा सोडत म्हणाल्या. "सुटला तुझा उपास."

"रविवारी खाईन."

"अगं, आता कशाला? झालं की आपलं काम."

आमच्या नियमात जिलेबी बसते, त्यांच्या नियमात बसत नाही. आता तर त्याच खा म्हणत होत्या. मला का खाववेना, कळलं नाही. पुडा मी फळीवर ठेवला. अक्काताई दवाखान्यात राहायला गेल्या. ना खिचडी आली, ना कुणी ताट तपासायला आलं. गुरुवार गेला. शुक्रवारी उन्हात क्रुसाची वाट, चौदा थांब्यांची प्रार्थना, केली, घरी येऊन पाणी प्याले आणि एक रताळं उकडून खाल्लं. बिनतुपाचं रताळं म्हणजे उपास चांगलाच कडक.

शनिवारी बाळ बघायला गेले. मूठभर पोरगी, डोक्यावर हे जावळ. अक्काताईंनी तिला माझ्या मांडीवर दिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तोंड का गं उतरलंय तुझं?"

किती सोपं होतं. उपास अजून धरलाय, एवढं एक वाक्य, आणि मी जन्मभर त्यांच्या वर.

"ऊन लागलं," मी म्हणाले.

ते वाक्य गिळायला मला जितकं जड गेलं तितकं त्या सगळ्या दिवसांत काहीच गेलं नव्हतं. तशीच केएमटीच्या बसमध्ये चढले. गर्दी होती. कंडक्टर आला तेव्हा मला राहवलंच नाही.

"पावणं, जरा जागा बघा. कडक उपास आहे माझा, बुधवारपासून."

त्याने एका पोराला उठवून मला बसवलं. "कुणासाठी धरलाय वो?"

"शेजारणीच्या सुनेसाठी. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून."

"झालं का?"

"झालं. बुधवारी."

त्याने हातातलं तिकीट फाडायचं थांबवलं. "मग आता कशापायी, अक्का?"

मी पिशवीत सुटे पैसे शोधायला लागले. ते माझ्या मुठीतच होते.