शेषम्मांचा तोक्कु

सकाळी सहा चाळीसला तिरुवैयारुहून नाटी, म्हणजे गावठी, टोमॅटोंची पाटी आली. चपटे, पन्हाळी पडलेले, पातळ सालीचे. शांभवीने अर्धे फ्रिजमध्ये ठेवले. सासूबाई शेषम्मांनी ते बाहेर काढले.

चार महिन्यांपूर्वीच्या तापात शेषम्मांची चव आणि वास दोन्ही गेले. तेव्हापासून त्यांनी चुलीला हात लावला नव्हता. आज मात्र त्या तोक्कु, म्हणजे तेलात आटवलेली टोमॅटोची घट्ट चटणी, करायला पदर खोचून बसल्या.

"तोक्कु करते. अक्काकडे पाठव. तिनं नावं ठेवली तर चूल तुझी, कायमची."

पापनाशमच्या भवानीअक्का या त्यांच्या थोरल्या बहीण. धाकटीच्या हातचं काहीही त्यांनी उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं.

शेषम्मांनी एकेक फळ तळहातावर घेतलं. कच्चे, देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता सुपात मांडले. पिकलेले सावलीत ठेवले. तडकलेले चिरायला घेतले. दगडी भांड्यात तिळाचं तेल, मोहरी, हिंग. मग फोडी, हळद, तिखट. मीठ मुठीने.

दीड तास त्या भांड्याकडे कान देऊन होत्या. आधी पाण्याची बुडबुड, मग जाडसर फदफद, शेवटी तेलाची चरचर. डाव मध्यातून ओढला. पडलेली वाट मिटली नाही. तेव्हा भाजलेल्या मेथीची पूड पडली.

शांभवीने बोट पुढे केलं.

"अय्यो, नैवेद्य व्हायचाय!"

तेव्हा शांभवीच्या ध्यानात आलं. या घरात देवाला दाखवल्याशिवाय कुणी चव घेत नाही. म्हणजे पन्नास वर्षं या बाईने न चाखताच स्वयंपाक केला होता. तापाने नेलं ते नेलं. हात आणि कान जागच्या जागी होते.

नैवेद्यानंतर तिने भातावर थोडा घेतला. आंबट, तिखट, शेवटी मेथीचा किंचित कडवटपणा. तिने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

"अम्मा, पहिल्यासारखाच झालाय."

"तू चांगलंच म्हणणार गं. घरचीची साक्ष कोण धरतो?"

"आणि भवानीअक्कांची?"

"ती माझी वैरीण. तिचीच खरी."

कोरड्या बरणीत तोक्कु भरला, वर बोटभर तेल तरंगलं. बाराच्या बसने शांभवीचा नवरा वेंकटेश बरणी घेऊन पापनाशमला गेला. शेषम्मा फोनशेजारी बसल्या आणि सुपातले कच्चे टोमॅटो पुन्हा पुन्हा दाबून पाहू लागल्या.

एक वीसला वेंकटेशचा फोन आला.

"पोचलो. अक्कांनी झाकण काढून वास घेतला."

"काय म्हणाली?" शेषम्मांनी फोन ओढूनच घेतला.

"काही नाही, अम्मा. जेवण झालं होतं त्यांचं. पुन्हा भात टाकायला सांगितलाय."