माळणीची कविता

अमरावतीच्या ट्रेनिंग शाळेत गोदाबाई शिक्षिका व्हायला आली, ते १९३५ साल होतं. तेवीस वर्षांची विधवा, वलगावच्या माळ्याची लेक. अकोल्याच्या काव्यगायनाच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली, कारण तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

भाषा शिकवणारे वामनराव शिस्तीचे. कविता म्हणण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा नियम होता: कोण बोलतंय, कुठे उभं राहून बोलतंय, आणि कशासाठी. या वेळची कविता त्यांनी एका जुन्या मासिकातून काढली होती. खाली कवीचं नाव नव्हतं.

उन्हात मी अन् सावलीत तुम्ही,
जुडी जुडी उलटली हो;
पान सुकले म्हणता, बाई,
उभी कुणी ठेविली हो?

वामनरावांनी उत्तरं स्वतःच फळ्यावर लिहिली. बोलणारी हसतमुख माळीण, जागा बंगल्याचं दार, हेतू गंमत. मान वेळावून, कमरेवर हात ठेवून, लाडिक सुरात म्हणायची.

गोदाने वहीत लिहिलं, बोलणारीला राग आला आहे. वामनरावांनी त्यावर लाल रेघ मारली आणि कवितेत राग हा शब्दच नाही, असं सांगितलं.

रविवारी ती वलगावला गेली. सोमवारी सकाळी तिची माय पार्बताबाई मेथीची टोपली घेऊन अमरावतीला निघाली, तशी गोदाही तिच्याबरोबर घरोघर फिरली. एका दारात त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. आतल्या बाईने सगळ्या जुड्या सोडून पाहिल्या आणि भाजी शिळी आहे म्हणून दार लावून घेतलं. परत निघताना गोदाने मायला कविता म्हणून दाखवली, चांगली तारस्वरात, राग ओतून.

पार्बताबाई थांबली. "हे ज्यानं लेहलं त्याले मालूम आहे," ती म्हणाली. "पन तू काहून ओरडून राहिली? आमी ओरडत नाही. ओरडलं का दार बंद होते. हळू बोललं तं तिले कान द्या लागते."

गोदाने रस्त्यातच वही काढली. 'राग' पुसला नाही. त्याच्यापुढे लिहिलं: तो गिळून बोलते, म्हणजे समोरचीला ऐकावं लागेल.

अकोल्याला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत वकिलांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बायका बसल्या होत्या. गोदा व्यासपीठावर आली. मान वेळावली नाही, हसली नाही. दोन्ही हात खाली सोडून, दारात उभं राहावं तशी उभी राहिली आणि साध्या, खालच्या आवाजात म्हणू लागली. मागच्या लोकांची कुजबुज थांबली. शेवटच्या ओळीला तिने पुढच्या रांगेकडे पाहिलं आणि उत्तराची वाट पाहावी तशी गप्प राहिली. एका बाईने नजर पायांकडे वळवली. टाळ्या आल्या त्या मागून, उशिरा आणि थोड्याच. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं.

परत आल्यावर वामनरावांनी तिला बोलावलं. पाहुण्या बायकांचा अपमान झाला, शाळेचं नाव गेलं, तेव्हा माफीचं पत्र लिहून द्या, नाहीतर अमरावतीत नेमणूक मिळणार नाही, असं त्यांनी सुनावलं. कागदही पुढे ठेवला.

गोदा तशीच उभी राहिली. "गुरुजी, तीन प्रश्न तुम्हीच शिकवले," ती म्हणाली. "मी त्यांची उत्तरं शोधून आणली. ती चुकली असतील तर कुठे चुकली ते दाखवा, मी लगेच सही करते."

वामनरावांनी वही मागवली. लाल रेघेपुढचं नवं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग वही मिटून, मुद्दा उत्तराचा नसून शिस्तीचा आहे, एवढंच म्हणाले.

"मंग सही नाही करत मी," गोदा म्हणाली. वर्गात जपलेली शुद्ध भाषा त्या क्षणी तिला नकोशी झाली होती.

वर्षअखेर तिच्या मैत्रिणींना अमरावतीतल्या शाळा मिळाल्या आणि तिला दूर पातूरला धाडलं. वडील सूर्यभान म्हणाले, अजूनही माफी मागून टाक, पोरी. पार्बताबाईने ट्रंकेला दोरी बांधून दिली.

पातूरला तिच्या आधी तिच्याबद्दलचं पत्र पोचलं होतं. हेडमास्तर खुशालराव ते हातात घेऊनच बसले होते.

"तुम्ही हट्टी आहात, असं लिहिलंय यात."

"हो," गोदाबाई म्हणाली. "वर्ग कुठला देता?"