राहत्या घरातून ताब्यात

आमच्या भागात कुठंही चोरी झाली की पोलीस आधी आमच्या घरी येतात. चोराच्या घरी नंतर, वेळ मिळाला तर. आम्ही पारधी आहोत, एवढा पुरावा त्यांना पुरतो. एकदा रस्त्याच्या कामावरचा रोड रोलर गायब झाला, तेव्हा प्रभुलिंग हवालदारांनी आमच्या कॉटखाली वाकून बघितलं आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले. संध्याकाळी कळलं की ठेकेदारानंच रोलर दुसऱ्या कामावर नेला होता. हवालदार स्वतः आण्णांना सोडायला आले आणि चहा घेऊन गेले.

माझी बहीण स्नेहल वेल्डर आहे. आयटीआय पास, शिरोली एमआयडीसीत सात वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काम. तिथं कुणाचा डबा हरवला तरी सगळे तिच्याकडं बघायचे. मग ज्याचा डबा त्यालाच आठवायचं की तो घरीच राहिलाय. माफी कुणी मागायचं नाही, फक्त त्या दिवशी तिला दोन चपात्या जास्त मिळायच्या.

तिला स्वतःचा गाळा पाहिजे होता. एमआयडीसीतल्या नव्या गाळ्यांपैकी दहा महिलांसाठी राखीव निघाले, तिनं अर्ज आणला आणि एका अटीवर अडकली: जिल्ह्यातल्या सलग वीस वर्षांच्या रहिवासाचा सरकारी पुरावा.

आम्ही दोघं भावंडं गायरानातल्या त्याच पत्र्याच्या घरात जन्मलो. पण ग्रामसेवक म्हणाले, "तुम्ही तिथं राहत न्हाईसा, अतिक्रमण करताय."

"मग अतिक्रमणाचा दाखला द्या," स्नेहल म्हणाली.

"तो दिला तर तुम्ही तिथं राहताय असं सिद्ध हुतंय की!"

गाळ्यांच्या ऑफिसात यशराज नावाचा क्लार्क होता. त्यानं अर्ज दोन बोटांनी धरला. "पारधी म्हणजे भटके. आज हितं, उद्या तिथं. गाळा दिला आणि निघून गेलासा तर?"

"सर, गाळा घेऊन कसं जाणार?"

यशराजनं यावर खरोखर विचार केला. "तुमचं काय सांगता येतंय?" तो म्हणाला. "चाळीस दिवसांत पुरावा आणा. न्हायतर अर्ज बाद."

"सोड की पोरी," आण्णा म्हणाले. "आपल्या नावाचा कागद कुठल्याच हापिसात नसतोय."

त्याच आठवड्यात एमआयडीसीतून तांब्याची तार चोरीला गेली. सकाळी हवालदार दारात. आण्णांनी शर्ट आधीच घातला होता. हवालदारांनी उंबऱ्यावरच डायरी उघडली, आणि स्नेहलनं त्यांच्या खांद्यावरून मोठ्यानं वाचलं, "'राहत्या घरातून चौकशीकामी ताब्यात घेतले.' मामा, हे दरवेळी लिहितासा?"

"लिहायलाच लागतंय. तारीख, वेळ, पत्ता. मग ठाण्यात नोंद हुतीया."

"किती वर्षं?"

"मी नऊ वर्षं लिवतोय. माझ्या आधीचा पण लिवायचा. त्याचं अक्षर चांगलं हुतं."

स्नेहल जागेवरच उडाली. "थांबा, मी पण येते!"

आमच्या घरातलं माणूस आपणहून ठाण्यात जायची ती पहिलीच वेळ. दारावरच्या शिपायाला तिची नोंद कुठल्या वहीत करायची ते कळेना. तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: माझ्या वडिलांना वीस वर्षांत जेवढ्या वेळा आणलं, त्या सगळ्या नोंदींच्या शिक्क्यासह नकला मिळाव्यात. साहेबांनी अर्ज तीनदा वाचला आणि पंखा वाढवायला सांगितला.

तिसाव्या दिवशी गठ्ठा मिळाला. दोनशे बारा नोंदी. आण्णांना वाचता येत नाही. त्यांनी गठ्ठा हातावर तोलला आणि म्हणाले, "जड हाय." बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही.

गाळे वाटणाऱ्या कमिटीपुढं यशराजनं तो गठ्ठा बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. "मॅडम, हा तर पोलीस रेकॉर्ड हाय! असल्यांना गाळा?"

"शेवटची ओळ वाचा," स्नेहल म्हणाली.

"'काही आढळून आले नाही. सोडून दिले.'"

"आता पुढचं पान."

"'काही आढळून आले नाही. सोडून दिले.'"

विसाव्या पानानंतर कमिटीतले दोन सदस्य त्याच्याबरोबर म्हणायला लागले. चाळिसाव्याला चहावाल्यानंही सूर धरला.

अध्यक्ष संयोगिता मॅडमनी हात वर केला. "बाकीच्या अर्जांना वर्तणुकीचे दाखले किती?"

"एकेक, मॅडम."

"हिच्या घराला दोनशे बारा. पुढं?"

"पण महापुरात यांनी घर सोडलंच असणार," यशराज घाम पुसत म्हणाला. स्नेहलनं एकोणीस सालचं पान काढून दिलं. त्याला तेही वाचावं लागलं: "'बोटीने जाऊन पत्र्यावर बसलेल्या इसमाकडे चौकशी केली. काही आढळून आले नाही. कुटुंबास त्याच बोटीने बाहेर काढले.'"

"आणि वीस साली चार महिने नोंदच न्हाय! तवा कुठं हुतासा?"

"घरात," आण्णा उठून म्हणाले. "अख्खं कोल्हापूर घरात. चोरी करायची कुणी आणि कुणाच्यात?"

मॅडमनी सही केली. शिक्का यशराजलाच मारावा लागला. तो नीट उठला नाही, म्हणून स्नेहलनं त्याला परत मारायला लावला.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतली माणसं नकलांसाठी ठाण्याबाहेर रांग लावून उभी. आमच्या चुलत्याला आजवर एकदाही उचललेलं नव्हतं. तो हवालदारांवर भडकला, "मी काय मेलतो व्हय? माझ्या पोरीनं पुरावा कुठला आणायचा?" हवालदारांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वस्तीतल्या प्रत्येकाच्या रहिवासाचा जबाब स्वतः लिहून द्यायला बसले.

चौदा नंबरच्या गाळ्याची चावी मिळाली त्या सकाळी शटर अर्ध्यातच अडकलं. उद्घाटनाला आलेले सगळे वाकून बघत होते. स्नेहलनं मशीन बाहेरच जोडलं, तोंडावर काच घेतली, वाकडी पट्टी कापली, नवी बसवली. शटर एका हातानं सर्रकन वर गेलं.

शेजारच्या गाळेवाल्यानं मान बाहेर काढली. "ताई, आमचं पण असंच अडकतंय. करून देशीला काय?"

"लायनीत या, पावणं," आण्णा म्हणाले.