शंभर दाणे

सही करणार नाही म्हणजे नाही! साहेबांनी ड्रॉइंग तिसऱ्यांदा माझ्यापुढे सरकवलं आणि मी ते तिसऱ्यांदा परत ढकललं.

कॉम्प्युटरवर चालणारं मशीन हातानं हलवायचं असेल तर त्याला एक चाक असतं, बशीएवढं. ते फिरवलं की टूल, म्हणजे धातू कापणारं हत्यार, पुढे-मागे, वर-खाली सरकतं. ही चाकं बनवणं आमच्या कंपनीचा धंदा, आणि त्यांचं डिझाइन हे माझं काम. चाक फिरताना टक टक करतं, एका फेऱ्यात शंभर वेळा. खाली वर्कशॉपमध्ये त्या प्रत्येक टकला ‘दाणा’ म्हणतात. एक दाणा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. “दोन दाणे खाली घे,” म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही.

साहेबांना नवं चाक हवं होतं लोण्यासारखं. दाणे नकोत.

“ती टकटक जुनाट वाटते गं. आकडा स्क्रीनवर दिसतोच की!”

“आकडा स्क्रीनवर, आणि टूल? डोळे दोनच आहेत, साहेब, आणि ते टूलवर लागतात.”

“तू नाही केलीस तर दुसरा करेल सही. या खुर्चीला छप्पन्न माणसं मिळतील.”

“बसवा खुशाल. पण आधी खाली चला आणि चालवून बघा.”

खुर्ची गेली खड्ड्यात. माझा जीव अडकला होता आत्यात. माझी आत्या खाली मिलिंग मशीनवर आहे, अठ्ठावीस वर्षं. त्यातली शेवटची सहा वर्षं तिला ठार ऐकू येत नाही. त्या गोंगाटात सगळेच हातवारे करून बोलतात, त्यामुळे हे फक्त मला ठाऊक. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तिला उचलून पॅकिंगला बसवलं असतं. आणि तिच्या बोटांना लागणारे दाणे गेले, तर मशीन तसंही तिच्या हातून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

खाली आत्यानं जॉबवर, म्हणजे कापायच्या लोखंडी तुकड्यावर, कागदाची पट्टी ठेवली. कागद एका हातानं हलवत राहायचं, दुसऱ्या हातानं टूल खाली आणायचं, आणि कागद अडकला की थांबायचं. जुन्या चाकावर तिनं ते चुटकीसरशी केलं. मग साहेबांनी नमुन्याचं नवं चाक मशीनला जोडून हातात घेतलं. झकास फिरलं, खोटं कशाला बोलू! टूल कागदाला टेकलं. साहेबांनी चाक सोडलं, माझ्याकडे ऐटीत बघितलं आणि वळले. वळताना बाही चाकाला घासली. टूल कागद फाडून जॉबमध्ये घुसलं आणि काडकन मोडलं.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण गप्प बसतील तर ते साहेब कसले! “ठीक आहे, चाक जरा घट्ट करू. आणि टकटक हवीच असेल तर बारका स्पीकर बसवू. आवाज आल्याशी कारण ना?”

आत्याचं गुपित मी कशी फोडणार? पण तिची नजर साहेबांच्या ओठांवरच होती. तिनं मोडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला, नवं टूल बसवलं, हात पुसले.

“स्पीकर घरी लावा, साहेब. मी सहा वर्षं ठार बहिरी आहे. माझ्या हातून एक तरी जॉब वाया गेलाय? आजचा धरू नका, तो तुमचा.”

आत्यानं भिंतीवरचे कान झाकायचे जाड हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले.

“घाला. आणि आता जुन्या चाकावर मोजा.”

त्यांनी घातले. का, ते त्यांनाच माहीत. चाकावर बोट ठेवलं, मान वाकवून नव्या टूलच्या टोकाकडे बघत ते पुटपुटू लागले. एक, दोन, तीन. सातला थांबले, एक दाणा मागे गेले, परत पुढे आले. मी खिशातून लाल पेन काढलं, बरोबर आणलेल्या ड्रॉइंगवर ‘दाणे शंभर’ असं ठळक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

“मान वर करून मोजा की,” आत्या म्हणाली. “ओठ दिसले नाहीत तर मला कसं कळणार?”

साहेबांना काहीच ऐकू गेलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर थाप मारली, तरी त्यांनी मान वर केली नाही. डोळे टूलवर होते.