माझी वीतभर कामगिरी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी नांगर आहे. स्वभावाने बढाईखोर. पण आता ती बढाईही माझ्यासारखीच गंजली आहे.

लोहाराने मला घडवले तेव्हा माझ्या चकचकीत फाळात त्याला स्वतःची मिशी दिसत होती. मी ज्यांच्या घरी आलो त्यांना सगळे 'वीतभर काका' म्हणत. मी मातीत चर पाडला की काका ट्रॅक्टर थांबवून उतरत आणि अंगठा नि करंगळी ताणून त्याची खोली मोजत. बोटभर कमी भरली तर ट्रॅक्टर मागे! बावीस वर्षे आम्ही ते शेत असे उलथेपालथे केले. बांधावरून लोक म्हणत, "काय नांगरट आहे!" आणि माझी छाती फुगे. नांगराला छाती नसते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

एवढेच की, दरवर्षी खालची जमीन जास्त जास्त कडक लागायची. मला त्याचाही अभिमान! बघा, कसल्या जमिनीशी झुंजतोय मी!

मग काकांची मुलगी शेतीचे शिक्षण संपवून घरी आली. आली ती थेट गोठ्यामागे खड्डा खणायला लागली. शेण, पाचोळा, भाजीची देठे, सगळे त्यात.

"बाबा, अर्धं शेत मला द्या. मी नांगरणार नाही. कुजलेलं खत घालीन, मागच्या पिकाची ताटं मातीवर पसरून ठेवीन आणि बियांपुरती चीर पाडीन."

"न नांगरता पेरायचं? म्हणजे न विंचरता लग्नाला जायचं!"

"तीन वर्षं द्या."

"दिली. हरलीस तर तो घाणेरडा खड्डा बुजवायचा."

"आणि तुम्ही हरलात तर हा नांगर भंगारात."

माझे मत कोणी विचारले नाही.

पहिल्या वर्षी तिच्या भागात मक्याची चार पोती कमी भरली. मी नाक वर करून फिरलो. दुसऱ्या वर्षी दोघांची बरोबरी झाली. तिसऱ्या वर्षी पाऊस मध्येच पंचवीस दिवस गायब झाला. आमच्या मक्याची पाने सुरळीसारखी वळली आणि तिचा मका ओल धरून निवांत उभा राहिला. तिची सहा पोती जास्त भरली.

"तुझ्या भागातली मातीच मुळात चांगली," काका पुटपुटले.

तिने कुदळ उचलली आणि दोन्ही भागांत एकेक खड्डा खणला. आमच्या भागात वरची माती भुसभुशीत, पण तिच्याखाली फरशीसारखा थर. मुळे तिथवर येऊन आडवी वळली होती. तिच्याकडेही तो थर होताच, पण गांडुळांनी त्याला भोके पाडली होती आणि मुळे त्यांतून खुशाल खाली उतरली होती.

"ही फरशी कोणी घातली?" काकांनी विचारले.

"तुमच्या नांगराने. दरवर्षी तेवढ्याच खोलीवरून घासत गेला, खालची माती दाबत."

काका वाकले. वीत ताणली. बरोब्बर वीतभर.

मित्रांनो, इतकी वर्षे ज्या शत्रूशी मी झुंजत होतो, त्याला मीच पोसत होतो! गंजाने माझा रंग आधीच लाल, म्हणून माझी लाज कोणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी दारात आली. त्याने माझ्या मानेत दोर अडकवला. मी घाबरलो, खरंच घाबरलो. तेवढ्यात काका धावत आले. "राहू दे त्याला."

"बाबा, पैज!" मुलगी म्हणाली.

"पैज हरलो, मान्य. पण नांगर काय, लावू तेवढाच खोल जातो. वीत माझी होती."

 मुलीनेच दोर सोडला.

आता मी गोठ्यामागे खताच्या खड्ड्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या एका टोकावर बसतो. खालून छान ऊब येते. माझ्या कामावर आता गांडुळे आहेत. त्यांना डिझेल लागत नाही आणि ती बढाईही मारत नाहीत. दुसरी जुनी अवजारे तुम्हाला सांगतील, आम्हाला तेल लावा, पुसून ठेवा. मी म्हणतो, मला खुशाल गंजू द्या. तेवढी माया मातीला लावा. तिला पोटभर खाऊ घाला, अंगावर पांघरूण घाला आणि सारखे उकरून तिची झोप मोडू नका.

काल काका इकडे आले होते. दुसऱ्या टोकाने त्यांनी ताडपत्री उचलली आणि सवयीने वीत ताणून खताचा थर मोजला. बोटभर कमी भरला. काका लगबगीने घरात गेले आणि निवडायची राहिलेली अख्खी पालेभाजी घेऊन आले.